आक्रमक परकीय वनस्पतींचा बंदोबस्त

महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात पावसाळ्याच्या मध्यास गावाच्या वेशीपासून गायरानापर्यंत, आणि तेथून ओढ्याच्या काठाने डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेले असता जी हिरवाई दृष्टीस पडते, ती पाहून मन प्रसन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु तीच हिरवाई जरा जवळ जाऊन निरखली, तर रस्त्याच्या कडेला दाटलेले गाजरगवत, बांधाबांधावर माजलेली टणटणी, कोकणातील वरकस जमिनी व्यापणारी रानमोडी, ओढ्यातील बेशरम, धरणाच्या फुगवट्यावर पसरलेली जलपर्णी आणि सोलापूर-मराठवाड्याकडील पडीक रानांतील वेडी बाभूळ या सहाही वनस्पती मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहेत, असे आढळून येते. त्यांच्या खाली पूर्वी कोणते गवत होते, कोणती झुडपे होती आणि गुरे तेथे काय चरत, हे सांगणारी पिढीही आता विरळ होत चालली आहे.

या वनस्पतींविरुद्ध गावोगावी उद्योग होत नाही असे नाही. ग्रामपंचायती ठराव करतात, विद्यार्थ्यांची शिबिरे भरतात, टेकड्यांवर श्रमदान करणारी मंडळे रविवारची सकाळ खर्ची घालतात, नगरपालिका जलपर्णी काढण्याचे ठेके देतात. आणि पुढच्या पावसाळ्यात तीच वनस्पती त्याच जागी, पुष्कळदा पूर्वीपेक्षा अधिक दाट होऊन, उभी राहते. या अपयशाचे कारण कष्टांच्या कमतरतेत शोधू नये. उपटणे हे कामाचे पहिले पाऊल असून तेच शेवटचे समजले जाते, रिकाम्या झालेल्या जमिनीचा ताबा पुढे कोणाकडे जाणार याचा विचार कोणी करीत नाही, आणि जी जमीन मोकळी, उकरलेली व उघडी असते ती सर्वांत प्रथम त्याच तणाच्या बियांना मिळते, हे ते कारण आहे. या लेखात जे मार्गदर्शन करावयाचे आहे त्याचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

परकीय कोणती आणि आक्रमक कोणती

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेरून आली म्हणून वनस्पती अपराधी ठरत नाही. मिरची, मका, बटाटा, टोमॅटो, पेरू व पोर्तुगीजांनी आणलेला काजू ही सर्व अमेरिकेची देणगी आहे, आणि बालाघाटच्या डोंगरांत आपोआप उगवल्यासारखे दिसणारे सीताफळही तेथूनच आलेले आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्क विल्यमसन यांनी १९९६ साली जो ढोबळ नियम मांडला, त्यानुसार नव्या प्रदेशात आणलेल्या जातींपैकी सुमारे दहावा हिस्सा मोकळ्यावर उगवू लागतो, त्याचा दहावा हिस्सा कायमचा रुजतो आणि त्याचाही दहावा हिस्सा उपद्रवी होतो. २०२३ साली जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही मनुष्याने जगभर इकडून तिकडे नेलेल्या सुमारे ३७,००० जातींपैकी ३,५०० हून अधिक जाती आक्रमक असल्याचे म्हटले आहे.

या थोड्या जाती एवढ्या प्रबळ का होतात, हे समजल्यावाचून त्यांचा इलाज करता येत नाही. मायदेशी प्रत्येक वनस्पतीच्या मागे तिची पाने खाणारे किडे, बी पोखरणारे भुंगे, मुळांना लागणारी बुरशी असा मोठा परिवार असतो व तो तिला मर्यादेत ठेवतो. समुद्र ओलांडताना वनस्पती येते, परिवार मागे राहतो. येथील कीटकांना तिची चव नसते, येथील गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि त्यातच तिची वाढ शीघ्र व बी विपुल असेल तर स्थानिक वनस्पतींचा तिच्यापुढे टिकाव लागत नाही. तथापि या सर्व शक्तीला संधी मिळते ती बहुधा मनुष्याने मोडलेल्या जमिनीवर: अतिचराईने उघड्या पडलेल्या गायरानात, वणव्याने जळालेल्या उतारावर, रस्त्यासाठी खोदलेल्या मुरमात, सांडपाणी सोडलेल्या नदीत.

आपल्या शिवारातील एखादी वनस्पती आक्रमक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. ती लागवडीवाचून आपोआप वाढते काय? जेथे कोणी लावली नाही अशा दूरच्या जागी ती वर्षानुवर्षे पसरत आहे काय? आणि तिच्या दाटीखाली स्थानिक गवताची व झाडांची रोपे उगवणे बंद झाले आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर बंदोबस्ताचा विचार करावा. भाताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलेले गिरीपुष्प शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे; तेच पुण्याच्या टेकड्यांवर एकसुरी रान करून बसले की तेथील गवताळ उताराच्या मुळावर येते. निर्णय जातीचा आणि जागेचा मिळून करावा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची जी व्याख्या केली आहे, तीतही वन्यजीवांना व त्यांच्या अधिवासाला पोहोचणारा अपाय हीच कसोटी धरलेली आहे.

आधी पाहणी, मग कुदळ

कामाचा आरंभ नकाशाने करावा. गावच्या शिवाराचा किंवा टेकडीचा साधा हातनकाशा काढून त्यावर तीन प्रकारचे पट्टे दाखवावेत: जेथे स्थानिक गवत व झुडपे शाबूत आहेत आणि परकीय रोपे तुरळक आहेत, जेथे दोन्ही मिसळलेली आहेत, आणि जेथे परकीय दाटी पूर्ण झालेली आहे. सामान्यतः उत्साही मंडळी तिसऱ्या पट्ट्यावर प्रथम तुटून पडतात, कारण तेथे उपद्रव डोळ्यांत भरतो आणि उपटलेल्या ढिगाचे समाधान मोठे असते. हा क्रम उलटा आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या परिसरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या भगिनींनी १९६० च्या दशकापासून आपल्या भोवतालच्या रानांत तणकाढणीची जी पद्धती बसविली, तिची सूत्रे आपल्याकडेही तंतोतंत लागू पडतात: चांगल्या भागापासून वाईट भागाकडे जावे, माती शक्य तितकी कमी उकरावी, आणि स्थानिक वनस्पती ज्या गतीने रिकामी जागा भरून काढतील त्याच गतीने पुढे सरकावे. शाबूत पट्ट्यातील दहा परकीय रोपे वेळीच काढली तर तो पट्टा वाचतो. दाटीतील हजार काढली तरी पहिल्या वर्षी तेथे फरक पडत नाही.

पाहणीतच ओळख पक्की करावी. सह्याद्रीच्या पठारांवर भाद्रपदात फुलणारी सोनकी येथलीच आहे, आणि पुण्याच्या आसपास रस्त्यांच्या कडांनी व माळांवर अलीकडे पसरलेला केशरी-पिवळा कॉसमॉस मेक्सिकोकडचा आहे. दुरून दोन्हींचे पिवळे पट्टे सारखे दिसतात आणि अजाण हातांनी सोनकी उपटली जाण्याचा संभव असतो. ज्याची ओळख पटत नाही ते रोप त्या दिवशी उपटू नये. त्याचे छायाचित्र घेऊन जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावे.

जमीन कोणाच्या ताब्यात आहे, याचीही चौकशी आधी झाली पाहिजे. राखीव वनात वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून कुदळ लावू नये, मग हेतू कितीही चांगला असो. गायरान व गावठाणाच्या जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव घ्यावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. त्या दप्तरात परकीय वनस्पतींचे पट्टे आणि दरवर्षी झालेले काम यांची नोंद ठेवावी, म्हणजे सरपंच बदलला, शिक्षक बदलून गेले, तरी कामाचा धागा तुटणार नाही.

गाजरगवत

काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनीही ओळखले जाणारे हे तण अमेरिकन गव्हाबरोबर आले, असा सार्वत्रिक समज आहे. भारतातील त्याच्या काही नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्याही आहेत. परंतु १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते आढळल्याची नोंद झाली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत त्याने देशभर जो विस्तार केला तो विस्मयकारक आहे. एका रोपाला हजारो, अनुकूल परिस्थितीत पंधरा-वीस हजारांपर्यंत बी येते. ते हलके असून वाहनाच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, कालव्याच्या पाण्यातून, कच्च्या शेणखतातून आणि बांधकामाच्या मुरमातून दूरवर जाते. ओल मिळाली की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात ते उगवते आणि चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याने त्वचेला खाज व पुरळ येतात, परागकणांनी दम्याचा विकार बळावतो, गुरांनी ते खाल्ल्यास दुधाला कडवटपणा येतो.

त्याच्या निर्मूलनात वेळ साधणे हाच यशाचा पाया आहे. पहिल्या पावसानंतर रोपांची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात. त्या अवस्थेत, भुई ओली असताना, सोटमुळासह ती सहज निघतात आणि त्यांचे खड्ड्यात कंपोस्ट करता येते. फुले आल्यानंतर ती उपटून बांधावर टाकणे म्हणजे पेरणी करण्यासारखेच आहे. तेव्हा फुलावर आलेली झाडे पोत्यात भरून एका ठिकाणी आणावीत, वाळवून जाळावीत आणि खतासाठी मुळीच वापरू नयेत. जमिनीत पुरलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते, म्हणून एकाच पावसाळ्यात तीन-चार फेऱ्या आणि पुढील वर्षांतही तशाच फेऱ्या कराव्या लागतात. राष्ट्रीय पातळीवर ऑगस्टच्या १६ ते २२ या तारखांना गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. आपल्याकडे तोवर पुष्कळ रोपे फुलावर येऊन गेलेली असतात, यास्तव गावाने आपली पहिली फेरी जुलैच्या आरंभीच उरकून घ्यावी.

येथे एक आग्रहाची सूचना करावयाची आहे. शाळकरी मुलांना रांगेने उभे करून उघड्या हातांनी गाजरगवत उपटावयास लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती ताबडतोब बंद झाली पाहिजे. हे काम प्रौढांनी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर फडके अशा बंदोबस्तानिशी करावे. ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी दूर राहावे. काम आटोपताच अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. मुलांना ओळख, मोजदाद आणि नोंदी शिकवाव्यात. ते कामही तितकेच मोलाचे आहे.

टणटणी आणि रानमोडी

टणटणी, जिला घाणेरीही म्हणतात, शोभेचे झुडूप म्हणून १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्रक्षेत्रांपैकी १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज तिच्या विळख्यात आहे. तिची काळी फळे बुलबुल आदी पक्षी आवडीने खातात व बी दूरवर टाकतात. पाने मात्र गुरांना विषारी असून ती खाल्ल्याने त्यांना कावीळ होते आणि उन्हाने त्यांची कातडी सोलवटते.

ही वनस्पती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते. आणि यंत्र लावून उखडली तर माती एवढी उलथते की तीत दडलेले बी उगवून पूर्वीपेक्षा दाट रान होते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मुळाचा खुंट छेदण्याची जी पद्धत विकसित केली, ती साध्या कुदळीने करता येते. झुडपाचे नवे धुमारे ज्या भागातून येतात तो खोडाचा व मुळाचा सांधा जमिनीच्या पृष्ठभागाच्या नजीक असतो. त्याच्या खाली, म्हणजे मातीत तीन ते पाच सेंटिमीटर खोलीवर, मुख्य मूळ एका घावात तोडावे, झुडूप वर उचलावे आणि मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे, म्हणजे फांद्या मातीला लागून पुन्हा रुजत नाहीत. सबंध खड्डा खणण्याचे कारण पडत नाही आणि माती जागची हलत नाही. पावसाने भुई मऊ झालेली असावी, फळे पिकलेली नसावीत, एवढी काळजी घेतली की मजुरीही कमी लागते. त्यानंतर ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खाली, आणि ओढ्याच्या काठाने, टणटणीची नवी रोपे येतील; ती पुढील दोन-तीन पावसाळे नियमाने वेचून काढावीत.

सबंध डोंगर एकदम उघडा करू नये. टणटणीच्या जाळीत ससे, तित्तिर, मुंगूस यांनी आसरा घेतलेला असतो आणि तीव्र उतारावर तीच तूर्त मातीला धरून असते. यासाठी समपातळीत पट्टे आखावेत, एकाआड एक पट्टा साफ करावा, आणि साफ केलेल्या पट्ट्यात गवताने मूळ धरल्यावरच मधल्या पट्ट्यास हात घालावा. घरटी दिसल्यास ती जाळी त्या हंगामापुरती सोडून द्यावी.

कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्याच्या पश्चिम उतारांवर रानमोडीचा उपद्रव अधिक. तिचे बी वाऱ्यावर उडते. फुलोरा थंडीच्या आरंभी येऊन उन्हाळ्याच्या तोंडाला बी पिकते, आणि वाळलेली तिची काटके चैत्र-वैशाखात वणव्याला सरपण पुरवितात. वणवा येऊन गेला की तिचे खुंट पुन्हा फुटतात आणि स्थानिक रोपे जळून गेलेली असल्यामुळे जमीन तिलाच मोकळी मिळते, असे हे चक्र आहे. ते मोडावयाचे तर पाऊस ओसरत असताना, ओल आहे तोवर, कार्तिकापूर्वी ती मुळासकट काढावी, आणि जाळरेषा राखून वणव्याला प्रतिबंध करावा. तिची एक दुर्बलता आपल्या उपयोगाची आहे: तिला उघडा प्रकाश लागतो, दाट सावलीत ती तग धरीत नाही. देवराईच्या आतल्या भागात ती सहसा आढळत नाही, कडेने मात्र आढळते. तेव्हा कोकणातील तिचा खरा इलाज म्हणजे ऐन, किंजळ, जांभूळ यांसारख्या स्थानिक वृक्षांची सावली परत आणणे हा होय.

जलपर्णी, बेशरम आणि वेडी बाभूळ

जलपर्णीच्या बाबतीत सर्वाधिक पैसा खर्च होतो आणि सर्वांत कमी टिकाऊ काम होते. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, उल्हास, पंचगंगा या नद्यांवर ती का माजते, याचे उत्तर पाण्यातील सांडपाणी हे आहे. नत्र व स्फुरद मुबलक मिळाले की दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होऊ शकतो. म्हणून सांडपाणी शुद्ध करून सोडण्याचा आग्रह आणि जलपर्णी काढण्याचा ठेका ही दोन्ही कामे एकाच ठरावात असावीत. पावसाळ्याच्या पुराने पात्र धुऊन निघते. तेव्हा ऑक्टोबरात, थोडी रोपे उरलेली असतानाच, वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे काढणी करावी, तरंगत्या दोरांचे अडसर लावून रोपे एका जागी अडवावीत आणि काठावर न टाकता लगोलग दूर न्यावीत. फेब्रुवारीत सबंध पात्र झाकले गेल्यावर यंत्रे उतरविणे हे फार महाग पडते. तिचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे टिकते, ही गोष्ट ठेका एका वर्षाचा देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ज्या पाण्यात कारखान्यांचे सांडपाणी येते, तेथील जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचे खत भाजीपाल्याला घालू नये.

बेशरमच्या कांडीचा प्रत्येक तुकडा रुजतो, म्हणून तोडलेल्या कांड्या पाण्याजवळ पडू देऊ नयेत. वेडी बाभूळ कापल्यास फुटते. तिचा खुंट जमिनीखालून खोदून काढावा लागतो. तिच्या शेंगा गुरे-शेळ्या खातात आणि बी शेणातून पसरते, तेव्हा शेंगांच्या मोसमात जनावरे त्या रानातून थेट चांगल्या कुरणात नेऊ नयेत. कच्छच्या बन्नी कुरणात १९६० च्या सुमारास ती लावली गेली आणि आशियातील एका प्रसिद्ध गवताळ प्रदेशाचा मोठा भाग तिने व्यापला. मात्र दुष्काळी भागातील अनेक कुटुंबांचे जळण व कोळसा तिच्यावर अवलंबून असल्याने, ती काढण्याची योजना त्यांच्याशी विचारविनिमय करूनच आखावी.

कीटकांचे साहाय्य आणि औषधांची मर्यादा

मागे राहिलेल्या शत्रूंपैकी एखादा शोधून आणावा, ही कल्पना भारतात फार जुनी आहे. लाल रंगाच्या व्यापारासाठी १७९५ साली ब्राझीलहून कोचिनील किडे आणण्यात आले, ते भलत्याच जातीचे निघाले; परंतु त्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला आणि पुढे दक्षिण भारतात त्याच कामासाठी त्यांचा मुद्दाम उपयोग करण्यात आला. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या कोचिनील जातीने फड्या निवडुंगाचा बंदोबस्त केला. गाजरगवतासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळूरला आणून, कसोट्या घेऊन, १९८४ पासून सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने खातो व कोरड्या दिवसांत मातीत निद्रिस्त राहतो. सूर्यफुलावर तो आढळल्याने एकेकाळी चिंता उत्पन्न झाली होती, परंतु सूर्यफूल हे त्याचे स्वाभाविक खाद्य नाही असे पुढे दिसून आले. आपल्या परिसरात हे भुंगे असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये ते गोळा करून ज्या पट्ट्यात नाहीत तेथे सोडावेत, आणि अशा पट्ट्यात औषध फवारू नये. मात्र परदेशातून कोणताही कीटक परभारे आणण्याचा विचार कोणी मनात आणू नये. ते काम दीर्घ परीक्षेनंतर शासकीय संस्थांनीच करावयाचे असते. शिवाय भुंगा तणाची शक्ती कमी करतो, ते समूळ नाहीसे करीत नाही.

तणनाशकांविषयी थोडक्यात इतकेच सांगावयाचे की ओढे, विहिरी, तळी, देवराया आणि गवताळ पठारे यांच्या आसपास ती वापरू नयेत. शेतात वापरावयाची झाल्यास कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार, त्या पिकासाठी संमत असलेली व सांगितलेल्या मात्रेतच वापरावीत. औषधाने मोकळी झालेली जमीन हीदेखील मोकळी जमीनच असते, आणि तिला पुढील तजवीज लागतेच.

रिकाम्या जागेची तजवीज

ती तजवीज कुदळ उचलण्यापूर्वीच झालेली असावी. ज्या पट्ट्यात पुढील जूनमध्ये काम करावयाचे, त्यासाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जवळच्याच शाबूत माळावरून मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी या गवतांचे बी गोळा करून कोरड्या जागी पोत्यांत ठेवावे, आणि तण निघताच, पाऊस अंगावर असतानाच, ते विखरावे. गाजरगवताच्या जागी टाकळ्याचे, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, बी टाकल्यास तो पहिल्या पावसातच दाट उगवून त्या तणाला दाबून टाकतो. झुडपांत करवंद, धायटी, निरगुडी, मुरुडशेंग ही काटक असून पक्ष्यांना, फुलपाखरांना व मनुष्यालाही उपयोगी आहेत. टणटणीच्या जागी ती लावल्याने पक्ष्यांचे अन्नही हिरावले जात नाही.

वृक्षारोपणाच्या बाबतीत मात्र विवेक राखावा. दख्खनच्या पठारावरील पुष्कळसा माळ हा उजाड झालेले अरण्य नसून मूळचाच गवताळ प्रदेश आहे. त्यावर माळढोक, चिंकारा, लांडगा व तणमोर यांचे जीवन अवलंबून आहे, आणि धनगरांच्या मेंढ्यांचेही. अशा माळावरून तण काढून तेथे वृक्षांची दाटी करणे म्हणजे एक अन्याय दूर करून दुसरा करणे होय. तेथे गवतच परत यावे. मूळची झाडी जेथे होती, तेथे मात्र पळस, बहावा, धावडा, मोह यांना स्थान द्यावे.

गवत उभे राहीपर्यंत पहिली दोन वर्षे चराईबंदी पाळावी लागते. ही बंदी गावातील गरीब गुराख्याच्या पोटावर येऊ नये म्हणून पट्टे लहान ठेवावेत, एका वेळी गायरानाचा थोडाच भाग बंद करावा, आणि दुसऱ्या वर्षापासून तेथील गवत कापून नेण्याचा हक्क ग्रामसभेने त्याच कुटुंबांना द्यावा. ज्याला त्या गवताचा लाभ मिळतो तो त्याची राखण आपणहून करतो.

निगराणी आणि जमाखर्च

अंदाजपत्रक करताना सर्व रक्कम पहिल्या वर्षाच्या काढणीवर खर्ची टाकू नये. निदान निम्मी रक्कम पुढील चार वर्षांच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावी. दहा एकर एकदा साफ करण्यापेक्षा दोन एकर पाच वर्षे सांभाळणे अधिक फलदायी आहे. प्रत्येक पट्ट्यात एक खूण गाडून त्याच जागेवरून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत छायाचित्र घ्यावे. एक मीटर लांब-रुंद अशा चौकटी टाकून त्यांतील परकीय रोपे किती, स्थानिक किती आणि उघडी जमीन किती, हे नोंदवहीत लिहावे. ही मोजणी शाळेतील मुले उत्तम करू शकतात.

नव्या शिरकावाला आळा घालणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. बाहेरून आणलेल्या मुरमाच्या ढिगावर पहिल्या पावसात काय उगवते ते पाहावे व ते तेथेच काढावे. तणग्रस्त शेतातून आलेले यंत्र धुऊन घ्यावे. शेणखत पूर्ण कुजल्याशिवाय शेतात नेऊ नये. घरच्या मत्स्यालयातील व कुंड्यांतील पाणवनस्पती तळ्यात सोडू नयेत. रस्त्याच्या सुशोभनासाठी कॉसमॉससारखे आपोआप पसरणारे बी टाकू नये. आणि रोपवाटिकेतून झाड घेताना ते येथे आपोआप पसरते काय, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

पुढच्या पट्ट्याकडे केव्हा जावे, असा प्रश्न प्रत्येक मंडळापुढे येतोच. त्याचे उत्तर उत्साहावर किंवा निधीवर सोपवू नये. सलग दोन पावसाळे नोंदवहीतील उघड्या जमिनीचा रकाना घटत गेला आणि कोणी न लावता उगवलेल्या स्थानिक रोपांची संख्या परकीय रोपांहून अधिक भरली, तर त्या पट्ट्याचा ताबा योग्य हाती गेला असे समजावे, वर्षातून एक फेरी तेथे चालू ठेवावी, आणि कुदळी शेजारच्या पट्ट्यावर न्याव्यात. तसे झाले नसेल तर शेजारचा पट्टा कितीही खुणावीत असला तरी आणखी एक वर्ष तेथेच काम करावे.